सीव्ही जॉइंटचा बूट आणि त्याचे दोन क्लॅम्प

सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समगती) जॉइंट हा चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या शाफ्टचा वळू शकणारा सांधा, आणि बूट म्हणजे त्याच्यावरचे घड्याघड्यांचे लवचिक आवरण. हा बूट बदलायचा म्हटले की चाक उतरवणे, हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, घट्ट बसलेला नट सोडवणे आणि शाफ्ट ओढून बाहेर काढणे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते, कारण घाम तिथेच गाळावा लागतो. पण घरी बसवलेला बूट काही महिन्यांत पुन्हा ग्रीस ओकू लागला, तर त्याचे कारण खोलण्यात किंवा रबरात क्वचितच सापडते. ते बुटाची दोन टोके धरून ठेवणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांत असते. स्वतःच्या आणि स्नेह्यांच्या गाड्यांवर हे काम करत असताना माझे असे मत झाले आहे की बूट बदलणे म्हणजे मुख्यतः क्लॅम्प नीट बसवणे, आणि बाकीची सारी खटपट तिथवर पोहोचण्यासाठी असते. त्यामुळे खोलण्याच्या भागावरून मी भराभर पुढे जाणार आहे. स्वच्छता, ग्रीस आणि क्लॅम्प यांच्यापाशी मात्र रेंगाळणार आहे.

आधी या जॉइंटला एवढे जपावे का लागते ते पाहू. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत शाफ्टला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: चाक वळले तरी त्याने कोनात फिरत राहायचे असते, आणि सस्पेन्शन वरखाली झाले की त्याची लांबीही थोडी कमीजास्त व्हावी लागते. क्रॉस असलेला जुन्या पद्धतीचा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरतो खरा, पण ३० अंशांच्या कोनात त्याच्या पुढच्या शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटते आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. असा जॉइंट पुढच्या चाकाला लावला, तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंगला हिसके बसतील. अल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा जो जॉइंट तयार केला, त्यात गोळ्या नेहमी दोन्ही शाफ्टांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत राहतात, आणि म्हणून आत येणारी व बाहेर जाणारी गती सारखी राहते. १९५९ साली आलेल्या मिनीमध्ये याच जातीचा जॉइंट होता. आज चाकाकडच्या बाजूला बहुधा त्याच घराण्यातला जॉइंट असतो आणि तो ४५ अंशांच्या आसपास वळू शकतो. गिअरबॉक्सकडच्या बाजूला अनेकदा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो, जो कमी वळतो, पण आतबाहेर सरकतो.

या जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा यांच्यात वाजवीपेक्षा जास्त फट नसते आणि त्यांच्यावर दाब फार मोठा असतो. त्यांना तारतो तो ग्रीसचा पातळ थर. बाहेरून ग्रीस भरायला निप्पल नसते. कारखान्यात किंवा दुरुस्तीच्या वेळी भरलेले ग्रीस हेच आयुष्यभराचे. ते आत राखणे आणि धूळ, पाणी, वाळू बाहेर ठेवणे हे बुटाचे काम. चाकाचा घेर १.८५ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ५४० फेरे घेते, आणि शाफ्ट कोनात असेल तर प्रत्येक फेऱ्यात बुटाची प्रत्येक घडी एकदा मिटते आणि एकदा उघडते. याच हिशोबाने ५०,००० किलोमीटरमध्ये हे मिटणे-उघडणे २ कोटी ७० लाख वेळा होते. एवढे सोसून रबराला घडीच्या तळाशी चिरा पडल्या, तर त्यात नवल नाही. खरे तर ते इतके टिकते याचेच मला अधिक कौतुक वाटते.

बूट फाटल्याची खूण सहसा आधी चाकाच्या आतल्या बाजूला दिसते. ग्रीस बाहेर फेकले जाते ते शाफ्टला काटकोनात, त्यामुळे रिमच्या आतल्या अंगावर, ब्रेक कॅलिपरवर आणि जवळच्या लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भुजेवर) काळपट, चिकट शिंतोड्यांचा पट्टा उमटतो. तपासताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, बॅटरीचा झोत बुटावर टाकावा आणि घड्या बोटांनी फाकवून प्रत्येकीचा तळ पाहावा. चाक थोडे थोडे फिरवत संपूर्ण घेर नजरेखालून घालावा. बूट सरळ असताना चीर मिटलेली असते आणि वरवर पाहणाऱ्याला बूट धडधाकट वाटतो. रबर कुठेच फाटलेले नसून फक्त टोकापाशी ओलसरपणा दिसत असेल, तर बूट चांगला आहे आणि क्लॅम्प सैल झाला आहे असे समजावे. अशा वेळी बुटाचे ते टोक पुसून कोरडे करावे, गाडी थोडी चालवावी आणि ओल पुन्हा कुठून येते ते पाहावे.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो पाने हातात घेण्याआधी घेतलेला बरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गती देताना चाकाकडून कट्-कट् असा ठोक्यांचा आवाज येत असेल, तर बाहेरच्या जॉइंटमधल्या खाचा झिजलेल्या आहेत आणि नवा बूट व नवे ग्रीस त्या भरून काढणार नाहीत. आतला जॉइंट झिजला की सहसा सरळ रस्त्यावर जोरात गती देताना गाडी थरथरते आणि पाय उचलला की थरथर थांबते. अशा अवस्थेत बूट बदलण्यात श्रम वाया जातात. जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदलावा. उलट बूट नुकताच फाटला असेल, आवाज नसेल आणि आतले ग्रीस अजून गुळगुळीत असेल, तर केवळ सोय म्हणून अख्खा शाफ्ट बदलण्याची घाई मला पटत नाही. गाडीबरोबर आलेला मूळ जॉइंट पुष्कळदा बदली म्हणून मिळणाऱ्या स्वस्त शाफ्टपेक्षा अधिक नेमका घडवलेला असतो, आणि स्वच्छ करून नव्या ग्रीसमध्ये ठेवला तर तो अजून बराच काळ साथ देतो.

बूट तीन प्रकारचे मिळतात. पहिला, गाडीच्या मापाचा अखंड बूट. तो चढवण्यासाठी जॉइंट शाफ्टवरून उतरवावाच लागतो. दुसरा, खूप ताणला जाणारा बूट. तो प्लॅस्टिकच्या निमुळत्या शंकूवरून ओढून थेट जॉइंटवरून पलीकडे नेतात, त्यामुळे जॉइंट शाफ्टवरून उतरवला नाही तरी चालते. तिसरा, उभा चिरलेला बूट. तो शाफ्टभोवती गुंडाळून त्याची शिवण चिकटवतात किंवा स्क्रूंनी जोडतात. या तिसऱ्या प्रकाराचे आकर्षण मला समजते, कारण त्यासाठी हबचा नटही सोडावा लागत नाही, पण त्याची शिवण टिकायची तर तिच्या कडांना ग्रीसचा किंचितही स्पर्श होता कामा नये, आणि ग्रीसने माखलेल्या जॉइंटवर, गाडीखाली उताणे पडून, एवढी निगुती राखणे कर्मकठीण आहे. शिवाय जॉइंट न उतरवता तो आतून नीट धुताही येत नाही. मी पहिलाच प्रकार वापरतो. ताणणारा बूट अडचणीच्या वेळी चालतो, मात्र तो अनेक मापांना पुरावा असा बनवलेला असल्यामुळे त्याची टोके शाफ्टवरच्या खाचेत बरोबर बसतात की नाही हे जातीने पाहावे लागते.

आता खोलण्याविषयी. चाक जमिनीवर असताना, हॅंडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना अडसर लावून, हबच्या मधल्या नटाची ठोकून दाबलेली कड आधी सरळ करावी किंवा त्याची कॉटर पिन काढावी आणि नट फक्त पहिला सैल होईपर्यंत फिरवावा. तो सैल करून गाडी हलवू नये, कारण अनेक गाड्यांत हाच नट चाकाचे बेअरिंग दाबून धरतो. मग गाडी जॅकवर उचलून ठरलेल्या जागी भक्कम स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे. चाक उतरवल्यावर लोअर आर्मचा बॉल जॉइंट हबपासून सोडवला, की हब बाहेर ओढून शाफ्टचे टोक त्यातून मोकळे करता येते. काही गाड्यांत स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याचे) दोन बोल्ट काढणे सोपे पडते, पण त्यांतल्या एखाद्याने चाकाचा कल ठरवला जात असेल, तर आधी त्याच्या जागेची खूण करून ठेवावी. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नये आणि कॅलिपर उतरवावाच लागला तर तो तारेने टांगावा. शाफ्टही लोंबकळू देऊ नये, कारण आतला ट्रायपॉड त्याच्या कपातून निसटू शकतो आणि मग एका बुटाचे काम दोन बुटांचे होते.

बाहेरचा बूट बदलण्यासाठी शाफ्ट गिअरबॉक्समधून काढलाच पाहिजे असे नाही. मला मात्र तो टेबलावर घेऊन, व्हाइसमध्ये लाकडाच्या पट्ट्यांत धरून काम करणे जास्त आवडते. तसे करायचे असेल तर गिअरबॉक्समधून तेल सांडणार हे धरून खाली भांडे ठेवावे, शाफ्ट काढताना ऑइल सीलच्या ओठाला शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांचा ओरखडा बसू देऊ नये आणि शेवटी तेलाची पातळी भरून घ्यावी.

जुने क्लॅम्प कापण्याआधी दोन नोंदी कराव्यात: बुटाचे लहान टोक शाफ्टच्या नेमक्या कोणत्या खाचेत बसले होते आणि पट्टीच्या क्लॅम्पचे मोकळे टोक कोणत्या दिशेला होते. फोनमधले एक छायाचित्र या दोन्हींसाठी पुरते. त्यानंतर साइड कटरने क्लॅम्प तोडावेत, बूट चिरून काढावा आणि जॉइंटच्या तोंडातले ग्रीस फडक्याने पुसून आत पाहावे. अनेक जॉइंट शाफ्टच्या टोकाशी असलेल्या बारीक तारेच्या सर्कलिपने (खोबणीत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्याने) अडकलेले असतात. अशा जॉइंटच्या आतल्या रेसवर, म्हणजे गोळ्यांच्या खाचा असलेल्या आतल्या कड्यावर, पितळी दांडा टेकवून हातोडीचा एक ठाम ठोका दिला की तो सुटून येतो. दुसऱ्या प्रकारात सर्कलिप तोंडाशीच दिसते आणि ती पकडीने फाकवून धरत जॉइंट ओढावा लागतो. ठोका कधीही गोळ्या जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्यावर, गोळ्यांवर किंवा एबीएसच्या दातेरी कड्यावर पडता कामा नये. काही गाड्यांचा बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही. तेव्हा आतला ट्रायपॉड उतरवून बाहेरचा बूट त्या बाजूने चढवावा लागतो, आणि वाटेत शाफ्टवर कंप शोषणारे रबरी वजन असेल तर ते काढण्याआधी त्याचे अंतर मोजून लिहून ठेवावे लागते.

स्वच्छता हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि त्यात काटछाट करण्याचा मोह सर्वांना होतो. जुने ग्रीस वरवर चांगले दिसले तरी बूट फाटलेला असेल तर त्यात वाळू गेलेली असू शकते. चिमूटभर ग्रीस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहावे: खर लागली तर ती वाळू किंवा धातूचा कीस आहे, आणि तांबूस रंग दिसला तर आत पाणी पोहोचून गंज धरला आहे. जॉइंट रॉकेलमध्ये बुडवून, आतला रेस सर्व बाजूंनी वाकवत, ब्रशने धुवावा, दुसऱ्या स्वच्छ रॉकेलमध्ये पुन्हा खळबळावा आणि शेवटी ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळू द्यावा. रॉकेलचा अंश मागे राहिला तर नवे ग्रीस पातळ होईल. हे सारे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि आगीपासून दूर करावे हे वेगळे सांगायला नको.

वाळलेला जॉइंट हातात धरून आतला रेस एका बाजूला पूर्ण वाकवला की समोरची एक गोळी पिंजऱ्याच्या खिडकीतून बरीचशी बाहेर डोकावते आणि तिच्या मागची खाच उघडी पडते. प्रकाश तिरपा पडेल असे धरून ती खाच पाहावी. गोळीच्या वाटेवर चकचकीत पट्टा दिसणे स्वाभाविक आहे आणि त्याची चिंता करू नये. पण पट्ट्याच्या मधोमध नख अडकेल अशी पायरी, टवके उडाल्यासारखे बारीक खड्डे किंवा पिंजऱ्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात केसासारखी चीर दिसली, तर तो जॉइंट पुन्हा बसवण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. एक गोळी पाहून झाली की रेस दुसरीकडे वाकवावा, आणि असे सहाही गोळ्यांचे करावे. गोळ्या सुट्या काढण्याची गरज सहसा पडत नाही. काढल्याच तर रेस, पिंजरा आणि बाहेरचा कप यांच्यावर आधी खुणा कराव्यात, कारण ते एकमेकांना सरावलेले असतात आणि त्याच जोडीने परत गेले पाहिजेत.

ग्रीसच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: किटमध्ये आलेले पाकीट वापरायचे, दुसरे काही नाही, आणि ते पूर्ण वापरायचे. बाहेरच्या जॉइंटसाठी सहसा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीस असते. आतल्या ट्रायपॉडसाठी बनवणारे वेगळ्या जातीचे ग्रीस देऊ शकतात, म्हणून दोन्ही पाकिटांची अदलाबदल करू नये. चाकाच्या बेअरिंगचे डब्यातले ग्रीस शिल्लक आहे म्हणून इथे भरणे ही खोटी बचत आहे. साधारण निम्मे पाकीट जॉइंटच्या मधल्या भोकातून आणि गोळ्यांच्या फटींतून बोटाने दाबून आत भरावे, रेस सगळीकडे वाकवून ते मागपर्यंत पोहोचवावे आणि उरलेले बुटात भरावे. बुटातले ग्रीस नुसते साठ्याचे वाटले तरी फिरताना ते बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन जॉइंटकडेच परत जाते.

जोडणीचा क्रम इथे सर्वांत महत्त्वाचा: आधी लहान क्लॅम्प शाफ्टवर, मग बूट, मग मोठा क्लॅम्प, आणि त्यानंतर जॉइंट. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा, म्हणजे त्यांच्या धारेने बुटाचे लहान टोक आतून चिरणार नाही. बूट पलीकडे गेला की पट्टी न विसरता काढावी. सर्कलिप नेहमी नवी वापरावी. जॉइंट दात्यांवर सरळ धरून प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकला की सर्कलिप आपल्या खोबणीत उघडल्याचा टक् असा आवाज येतो, तरीही जॉइंट जोराने ओढून पाहावा. आवाज ऐकला या समाधानावर पुढे जाऊ नये.

आता क्लॅम्प. पहिली गोष्ट म्हणजे क्लॅम्प आवळण्याआधी ज्या दोन जागांवर बुटाची टोके बसणार आहेत त्या पूर्णपणे कोरड्या आणि ग्रीसमुक्त केल्या पाहिजेत: शाफ्टवरची खाच, जॉइंटच्या कपाची बाहेरची खाच आणि बुटाच्या दोन्ही टोकांची आतली बाजू. ग्रीस भरताना ते तिथे लागतेच. सुती फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन ते पुसावे, थेट फवारा बुटात मारू नये. जागा निसरडी राहिली तर क्लॅम्प कितीही आवळला तरी लहान टोक फिरताना शाफ्टवर सरकते, आणि एकदा ते खाचेतून बाहेर आले की कोणतीही पट्टी त्याला परत नेत नाही. टोकाच्या आतल्या बाजूला जी बारीक कड असते ती खाचेत उतरल्याचे बोटाला जाणवते. सगळ्या घेरावर ती तशी जाणवली पाहिजे. ट्रायपॉडच्या कपाला बाहेरून तीन फुगीर भाग असतील तर त्या बुटाच्या मोठ्या टोकालाही आतून तसाच आकार असतो, किंवा मध्ये वेगळी चकती बसते, आणि तो आकार जुळल्याशिवाय क्लॅम्प लावण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट हवेची. जॉइंट सरळ धरून, बुटाच्या लहान टोकाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर अलगद सरकवून आतली हवा बाहेरच्या हवेशी समतोल होऊ द्यावी. आतल्या, सरकणाऱ्या जॉइंटच्या बाबतीत हे करण्याआधी शाफ्टची लांबी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापावर आणावी, कारण त्या जॉइंटच्या सरकण्याबरोबर बुटातली जागा बदलते. हे टाळले तर बूट एका बाजूने आत ओढला जाऊन चेपलेला राहतो, त्या जागी घडी घडीला घासते आणि नवा बूट तिथेच सर्वांत आधी फाटतो.

क्लॅम्पच्या प्रकारांपैकी घरी सर्वांत जास्त भेटतो तो कानवाला. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर एक उंच कान असतो आणि तो पायथ्याशी चिमटला की पट्टीचा घेर कमी होतो. यासाठी मिळणारी खास पक्कड घेण्यासारखी आहे; ती नसेल तर खिळे उपटायची, तोंडाची धार बोथट केलेली पक्कड चालते, पण साइड कटर नव्हे, कारण तो कान आवळता आवळता कापतो. चिमटताना पकडीचे तोंड कानाच्या अगदी बुडाशी, पट्टीला समांतर ठेवावे आणि दाब हळूहळू वाढवावा. प्रथम पट्टी रबरावर सैल फिरते, मग रबराला लागते, आणि त्यानंतरच्या शेवटच्या काही चिमट्यांत कानाचे दोन पाय एकमेकांजवळ येऊ लागतात. इथे थांबून पट्टी अंगठ्याने फिरवून पाहावी. ती अजिबात हलत नसेल आणि रबर पट्टीच्या दोन्ही कडांपाशी सारखे, किंचितच फुगलेले दिसत असेल, तर काम झाले. रबर एका कडेवरून ओघळल्यासारखे बाहेर आले असेल, तर पट्टी तिरपी बसली आहे. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकांत आवळलेल्या कानाच्या दोन पायांमध्ये किती फट उरावी याचे माप दिलेले असते आणि ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासता येते. ज्यांना हाताच्या अंदाजावर विसंबायचे नाही त्यांनी तेच करावे.

हा दाब किती असावा हे बुटाच्या जातीवरही ठरते. निओप्रीन रबराचा मऊ बूट कमी दाबात धरला जातो आणि जास्त आवळला तर पट्टी त्यात रुतून त्याला कापते. थर्मोप्लास्टिकचा कडक, किंचित चकाकणारा बूट मात्र मऊ पट्टीला दाद देत नाही. त्याला जाड पट्टीचा कानवाला क्लॅम्प पुष्कळ जोराने आवळावा लागतो. म्हणून एका किटमधला क्लॅम्प दुसऱ्या जातीच्या बुटावर वापरू नये.

अनेक मापांना चालणाऱ्या किटमध्ये लांब, सपाट पट्टी येते. ती दोनदा गुंडाळून, टोक घोड्यातून (पट्टीच्या बकलमधून) काढून, छोट्या खेचणीच्या हत्याराने ताणायची असते. पुरेशी ताणली गेली की हत्यार तसेच धरून पट्टी उभी वाकवावी, म्हणजे ताण सुटत नाही, घोड्यावर सेंटर पंचाने एक खोल टिंब मारावे, ५ ते १० मिलिमीटर टोक ठेवून बाकीची पट्टी कापावी आणि ते टोक मागे दुमडून हातोडीने सपाट करावे. हे टोक गाडी पुढे जाताना फिरण्याच्या दिशेला सामोरे नव्हे, तर पाठीमागे पडलेले असावे. जुन्या क्लॅम्पचे छायाचित्र इथे उपयोगी पडते. तिसरा प्रकार बिनकानाचा, आकड्यात आकडा अडकणारा असतो आणि जिथे जवळून काही घासण्याची भीती असते तिथे तो वापरतात. त्यासाठी त्याचीच पक्कड लागते आणि ती नसताना झटापट करू नये.

होजपाइपला लावतात तो स्क्रूचा क्लॅम्प इथे लावलेला पुष्कळदा दिसतो आणि तो पाहिला की मी अस्वस्थ होतो. त्याच्या स्क्रूचे डोके एकाच बाजूला वजन टाकते, बाहेर उभे राहून हबला किंवा एबीएसच्या वायरला लागू शकते, आणि स्क्रूच्या पोटाशी पट्टी सपाट असल्यामुळे तिथे गोलाई तुटून एक बारीक फट राहते. ग्रीसला तेवढी फट पुरते. प्लॅस्टिकचे केबल टाय तर उष्णता आणि थरथर यांपुढे ढिले पडतातच. प्रवासात अडल्यावर घरापर्यंत पोहोचण्यापुरते ते ठीक, त्यापलीकडे नव्हे. जुना कानवाला क्लॅम्प सरळ करून पुन्हा वापरणेही तसेच आहे, कारण एकदा वाकून ताणलेल्या धातूत दुसऱ्यांदा तेवढाच ताण धरण्याची ताकद राहत नाही.

मी मोठा क्लॅम्प आधी आवळतो, मग वर सांगितल्याप्रमाणे लहान टोकातून हवा सोडतो आणि लहान क्लॅम्प शेवटी आवळतो. त्यानंतर जॉइंट हाताने सगळ्या दिशांना वाकवून बूट कुठे पिळला जातो का ते पाहतो. पीळ दिसला तर तो आताच काढावा लागतो, आणि त्यासाठी नवा क्लॅम्प कापावा लागला तरी कापावा. म्हणूनच किटबरोबर दोन जादा क्लॅम्प घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

शाफ्ट परत हबमध्ये घालताना दाते पुसून घ्यावेत, बॉल जॉइंटचा बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने, आवळावा आणि हबसाठी नवा नट वापरावा. या नटाचा टॉर्क लहान गाड्यांतही अनेकदा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे तो अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्यानेच आवळावा आणि बेअरिंगवर गाडीचे वजन येण्याआधी, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, त्या टॉर्कच्या शक्य तेवढा जवळ आणून घ्यावा. मग त्याची कड ठोकून बसवावी किंवा कॉटर पिन घालावी. ब्रेकच्या डिस्कवर ग्रीसचे बोट लागले असेलच असे गृहीत धरून ती ब्रेक क्लीनरने पुसावी. चाक लावण्याआधी हब हाताने पूर्ण एक फेरा फिरवावा आणि क्लॅम्पचा कान कशालाही, विशेषतः एबीएसच्या सेन्सरला, घासत नाही याची खात्री करावी. हीच तपासणी स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पुन्हा करावी.

बूट, क्लॅम्प आणि आजूबाजूचे सारे भाग या वेळी कोरडे पुसून ठेवावेत, कारण पुढच्या तपासणीत काही सापडायचे असेल तर ते या कोरड्या पृष्ठभागावरच सापडेल. दोन-चार दिवस चालवून झाल्यावर आणि नंतर काही शे किलोमीटरनंतर स्टिअरिंग वळवून बॅटरीच्या झोतात बूट पाहावा. मोठ्या टोकाच्या कडेला अगदी पातळ, न वाढणारा तेलकट पट्टा दिसला तर तो बसवताना बाहेर दाबल्या गेलेल्या ग्रीसचा असतो; पुसला की पुन्हा येत नाही. लहान टोकापासून शाफ्टवर ओली रेघ पुढे सरकत असेल, तर तोच क्लॅम्प आणखी आवळण्याच्या फंदात पडू नये. तो कापून काढावा, खाच आणि बुटाचे टोक पुन्हा कोरडे करावे आणि जादा ठेवलेला नवा क्लॅम्प लावावा. यासाठी शाफ्ट उतरवावा लागत नाही, चाक काढून स्टिअरिंग वळवले की हात पोहोचतो.